पाळणा, प्रार्थना आणि थोरलं मूल

नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध पितं. सुरुवातीच्या आठवड्यांत एका पाजण्याला अर्धा तास सहज जातो. ढेकर काढणं, दुपटं बदलणं, पुन्हा झोपवणं हे वेगळं. सगळं धरून दिवसाचे सहा-सात तास बाळ कुणाच्या तरी मांडीवर असतं, आणि हे तास सलग मिळत नाहीत, रात्रंदिवस विखुरलेले असतात. घरात आधीची दोन लहान मुलं असतील तर त्यांची आंघोळ, जेवण, भांडणं आणि शाळेची तयारी याच फटींत बसवायची. अशा ख्रिस्ती घरातून सर्वांत आधी निसटते ती कौटुंबिक प्रार्थना. ती निसटली की आईबापांच्या मनाला टोचणी लागते: देवाने बाळ दिलं, आणि आम्ही देवालाच वेळ देईनासे झालो.

ही टोचणी बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. श्रद्धा तेवढीच असते, चुकलेली असते ती वेळ. बऱ्याच घरांत प्रार्थना संध्याकाळी किंवा रात्रीच्या जेवणाआधी होते, आणि नेमकी तीच तान्ह्या बाळाची सर्वांत कठीण वेळ. अनेक बाळं संध्याकाळी तासातासाला, कधी त्याहून लवकर, दूध मागत राहतात. रडणंही त्याच सुमाराला जास्त असतं; दुसऱ्या आठवड्यापासून ते वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला पोहोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. आता कल्पना करा: बाळ किंचाळतंय, वडील आवाज चढवून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतायत, सहा वर्षांचं मूल जांभया देतंय आणि तीन वर्षांच्या मुलाला डोळे मिटले नाहीत म्हणून दटावणी मिळतेय. त्या तीन वर्षांच्या मुलाला शास्त्रपाठातलं काही कळलेलं नसतं. प्रार्थनेच्या वेळी सगळे चिडलेले असतात, एवढं मात्र पक्कं कळतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे वेळ बदलणं. सकाळच्या न्याहारीची वेळ बहुतेक घरांत चालते, कारण मुलं एका जागी बसलेली असतात, पोटात काहीतरी पडत असतं आणि बाळ पहाटेच्या दुधानंतर बऱ्याचदा झोपलेलं असतं. पाच मिनिटं पुरेत. एका गीताचं एक कडवं, शास्त्रातल्या दोन-तीन ओव्या, प्रत्येक मुलाचं एक वाक्य आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी पाऊण मिनिटात होते, आणि रोज कानावर पडली तर चार-पाच वर्षांचं मूल ती पाठांतराला न बसवताच म्हणू लागतं. दोन वर्षांच्या मुलाकडून एका ‘आमेन’ची अपेक्षा ठेवावी. चार वर्षांच्या मुलाने आभाराची एक गोष्ट सांगावी. वाचता येणाऱ्या मुलाला एक ओवी वाचायला द्यावी. चुकली तर तिथेच दुरुस्त करत बसू नये. दोघं आईबाप हजर असण्याची वाट पाहू नका. एक जण बाळापाशी असेल तर दुसऱ्याने सुरू करावं. वाट पाहण्यातच आठवडे जातात.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर कधी बिंबवायची, हे स्पष्ट सांगितलं आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. वेगळ्या खोलीचा किंवा वेगळ्या तासाचा त्यात उल्लेख नाही. तान्ह्या बाळाच्या घराला ही रचना जितकी सोसते तितकी दुसरी कुठलीच सोसत नाही. दुपटं बदलताना एक कडवं, थोरल्याचे बूट घालताना एक वाक्याची प्रार्थना, दिवा मालवताना आशीर्वाद. गीतं मात्र दोनच ठरवा आणि तीच म्हणा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाळाला आईचा आवाज ऐकू येत असतो, त्यामुळे तेव्हापासून म्हटलेलं गीत त्याला जन्मल्यावर ओळखीचं असतं. थोरल्या मुलालाही तेच गीत शिकवलं तर बाळाला शांत करण्याचं एक खरंखुरं काम त्याच्या हाती येतं.

आईच्या स्वतःच्या भक्तीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे सर्वांत जास्त ओझं वाहिलं जातं. शमुवेल संदेष्ट्याच्या आईची, हन्नेची, गोष्ट आपण ‘मागून मिळवलेला मुलगा’ म्हणून सांगतो. त्यातला एक तपशील मात्र पुढे येत नाही. शमुवेल जन्मल्यावर एलकाना दरवर्षीप्रमाणे शिलोला यज्ञासाठी निघाला, तेव्हा हन्ना गेली नाही. बाळाचं दूध तुटेपर्यंत मी घरीच राहीन, असं तिने नवऱ्याला सांगितलं, आणि तुला बरं वाटेल तसं कर, असं तो म्हणाला. 1 शमुवेलच्या पहिल्या अध्यायात हे आहे. जिच्या प्रार्थनेचं आजही उदाहरण दिलं जातं ती बाई बाळाला पाजण्यासाठी उपासनेच्या यात्रेला गेली नाही, आणि शास्त्राने तिला त्याबद्दल एका शब्दाने दोष दिलेला नाही. ज्या घरात आई आठवडेच्या आठवडे मंडळीत, म्हणजे चर्चला, जाऊ शकत नाही, तिथे हा अध्याय नवऱ्याने वाचून दाखवावा.

रोज एक अध्याय वाचण्याचा नेम या दिवसांत टिकत नाही. आठवड्याला एकच वचन घ्यावं, जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावं आणि पाजायला बसण्याच्या जागेसमोर भिंतीवर लावावं. मोबाईलमध्ये ठेवू नये. रात्री दोन वाजता वचनासाठी फोन उघडला की वीस मिनिटं भलतीकडेच जातात आणि पडद्याच्या उजेडाने झोप उडते. रात्रीसाठी लहान स्तोत्रं निवडावीत: 117वं दोन ओव्यांचं आहे, 131वं आणि 134वं तीन-तीन ओव्यांची. 134वं तर रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशूनच आहे. पेंगुळल्या डोळ्यांनी बाळ खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते फार जवळचं वाटतं. 131व्यात आईपाशी शांत झालेल्या, दूध तुटलेल्या बाळाचं चित्र आहे. एवढंही जमलं नाही तर घरातल्या एकेकाचं नाव घ्यावं. नावं घेणं हीसुद्धा पुरी प्रार्थना आहे.

आता थोरल्या मुलाकडे वळतो. नव्या बाळाच्या घरात विश्वासाची खरी शिकवणी त्याचीच चाललेली असते. बाळाला या महिन्यांत ऊब, दूध आणि ओळखीचा आवाज हवा असतो. थोरल्याला मात्र ठरवायचं असतं की आपली जागा शाबूत आहे का. तो पुन्हा चड्डीत शू करू लागतो, बाटली मागतो, बोबडं बोलतो, अंगठा तोंडात घालतो, रात्री आईबापांच्या बिछान्यात येतो. हे सगळं अपेक्षित आहे आणि बहुधा काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत निवळतं. ‘आता तू मोठा झालास ना?’ हे वाक्य तेवढं घरातून आणि भेटीला येणाऱ्यांच्या तोंडून बंद करायला हवं. बाळ जन्मलं त्या रात्री तीन वर्षांचं मूल मोठं होत नाही. ते तीन वर्षांचंच असतं आणि त्याची आई अर्धी वाटली गेलेली असते.

त्याच्यासाठी रोजची पंधरा मिनिटं राखून ठेवावीत, शक्यतो ठरलेल्या वेळी. बाळ दुसऱ्याकडे द्यावं, फोन वेगळ्या खोलीत ठेवावा आणि खेळ मुलाने निवडावा. मदतीला कुणीच नसेल तर बाळाच्या सकाळच्या पहिल्या झोपेतली पंधरा मिनिटं थोरल्याला द्यावीत आणि मगच घरकामाला हात घालावा. उलट क्रम ठेवला तर बाळ उठतं आणि थोरल्याची पाळी उद्यावर जाते. दोन थोरली असतील तर दोघांना एकत्र घेऊन हा हिशेब मिटत नाही. प्रत्येकाला वेगळी, निदान दहा-दहा मिनिटं द्यावी लागतात.

बाळाला पाजताना थोरला हमखास काहीतरी पाडतो, सांडतो, मागतो. त्या अर्ध्या तासासाठी मला मोशेच्या बहिणीची गोष्ट सर्वांत उपयोगी वाटते. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात आई तीन महिन्यांच्या बाळाला लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यात ठेवते, पेटाऱ्याला डांबर आणि राळ लावलेली असते, आणि बहीण काही अंतरावर उभी राहून पाहत असते. फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, मुलगी बाळाला उचलते तेव्हा तीच पुढे होऊन विचारते, दूध पाजायला बाई बोलावू का? आणि आईलाच घेऊन येते. ही गोष्ट सांगायला एक टोपली, एक बाहुली आणि एक चादर लागते. जमिनीवर चादर पसरा, ती नदी. थोरल्याने बाहुली गुंडाळून टोपलीत ठेवायची, टोपली नदीत सोडायची आणि खुर्चीमागे उभं राहून राखण करायची. गोष्ट सात-आठ वाक्यांत संपवा आणि ‘आई आली!’ म्हटल्यावर त्याने टोपली तुमच्यापाशी आणावी. पाच वर्षांखालच्या मुलाला बाळं मारण्याच्या राजाच्या हुकुमाचा तपशील सांगू नका; बाळाला लपवायचं होतं, एवढं पुरतं. हा खेळ बाहुलीशीच खेळायचा, खऱ्या बाळाची टोपली कधीच करायची नाही, आणि हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं.

या गोष्टीतून आईबापांनीही एक घ्यावं. बहिणीने राखण केली, निरोप दिला, आणि मग बाळ आईच्या हाती गेलं. थोरल्याला दुपटं आणायला सांगणं चांगलं आहे. त्याला बाळाची दाई करणं चांगलं नाही. बाळ हाती द्यायचं तर त्याला सोफ्यावर पाठ टेकवून किंवा जमिनीवर बसवावं, कोपराखाली उशी द्यावी, हात धुतलेले असावेत आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर असावं. उभ्याने उचलायचं नाही. सर्दी-खोकला असेल तेव्हा चेहऱ्याजवळ जायचं नाही. एरवीही पापी पायाला घ्यायची, हा नियम मुलांना चटकन पटतो.

बायबलमधल्या काही गोष्टी या वर्षापुरत्या बाजूला ठेवाव्यात, असं माझं मत आहे. काइनने, सख्ख्या भावाने, मारलेला हाबेल, भावांनी खड्ड्यात टाकलेला योसेफ, बापाने बळी द्यायला डोंगरावर नेलेला इसहाक. लहान मूल शब्दशः ऐकतं, आणि आपली जागा जाईल ही भीती त्याच्या मनात आधीच असते. योसेफाची गोष्ट आईबापांनी मात्र जरूर वाचावी, कारण ती सुरू होते ती बापाने एकाच मुलाला दिलेल्या अंगरख्यापासून. मुलांना सांगायला येशूने बालकांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला ती मार्कच्या दहाव्या अध्यायातली गोष्ट आहे. शमुवेलासाठी हन्ना दरवर्षी छोटा अंगरखा शिवून नेत असे, तीही आहे. पुढे मुलं झाल्यावरही आई थोरल्याला विसरत नाही, हे त्यातून आपोआप पोहोचतं.

एक दिवस थोरला प्रार्थनेत म्हणेल, ‘देवा, बाळाला परत घेऊन जा.’ टेबलाशी शांतता पसरते आणि कुणीतरी ‘असं बोलू नये’ म्हणतं. तसं म्हणू नका. स्तोत्रसंहितेत तक्रारीची कितीतरी स्तोत्रं आहेत. 13वं तर ‘किती काळ?’ असंच विचारत सुरू होतं. मुलाने तक्रार योग्य ठिकाणी नेली आहे. ‘तुला आईची खूप आठवण येते ना? ते देवाला सांगितलंस, बरं केलंस’ एवढं म्हणून ‘आमेन’ म्हणावं. नंतर, एकटं असताना, दोन गोष्टी सांगाव्यात: बाळ इथेच राहणार आहे, आणि तुझ्या प्रार्थनेमुळे बाळाला काही होणार नाही. दुसरी गोष्ट विसरू नका. या वयातलं मूल समजतं की आपल्या मनात आलेलं खरं होतं, आणि पुढे बाळ आजारी पडलं तर ते स्वतःला अपराधी ठरवतं.

थोरल्याने बाळाला मारलं, तर हात धरा, त्याच्या उंचीला बसा, एकच छोटं वाक्य बोला: ‘मारायचं नाही, बाळाला लागतं.’ मग त्याचाच हात धरून बाळाच्या पायावरून अलगद फिरवा आणि त्यानंतर त्याला मांडीवर घ्या. लांबलचक उपदेशातलं तिसऱ्या वाक्यापुढचं काही पोहोचत नाही. मारलं म्हणून मारू नये, कारण त्याने नुकतंच जे केलं तेच आपण त्याला करून दाखवतो. आणि ‘येशूला हे आवडत नाही’, ‘देव बघतोय’ ही वाक्यं या प्रसंगात पूर्णपणे टाळा. आई बाळाच्या बाजूची, बाबा बाळाच्या बाजूचे, हे मुलाला आधीच वाटत असतं. आता देवही त्याच बाजूला गेला, असा अर्थ ते काढतं. देवाचं नाव धाक घालण्याच्या क्षणीच कानावर पडत राहिलं, तर पुढे कितीही गीतं शिकवली तरी ती त्या धाकाच्या खालीच राहतात. मुलांना चिरडीला आणू नका, असं पौल इफिसकरांच्या आणि कलस्सैकरांच्या पत्रांत बापांना उद्देशून लिहितो. कलस्सैकरांच्या पत्रात तो कारणही देतो: मुलं खचतात.

झोप अपुरी असताना आईबाप ओरडणार, हे धरूनच चालावं. ओरडून झाल्यावर काय करायचं, हे महत्त्वाचं. मुलाजवळ बसावं, काय केलं ते सरळ सांगावं: ‘मी जोरात ओरडले. ते चुकलं. मला क्षमा कर.’ ‘पण तू ऐकत नव्हतास म्हणून’ हे शेपूट जोडू नये. जोडलं की क्षमायाचना आरोप होते. मुलाने लगेच क्षमा केलीच पाहिजे, असा आग्रह धरू नये. क्षमा ही ख्रिस्ती घराची मध्यवर्ती गोष्ट असेल, तर मूल ती आधी आपल्याला मागितली जाताना पाहतं आणि मग शिकतं.

बाळ रडतंच आहे आणि आपला तोल जातोय, असं वाटलं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवावं, दार लोटून पाच मिनिटं बाहेर यावं, श्वास घ्यावा, कुणाला तरी फोन करावा. बाळाला कधीही हिसडू किंवा जोरात हलवू नये. त्याने मेंदूला इजा होते. पाळण्यात घट्ट, सपाट गादीखेरीज काही नसावं: उशी नको, मऊ खेळणं नको, उशाशी ठेवलेला नवा करार किंवा गळ्यातली क्रुसाची साखळीही नको. क्रूस भिंतीवर, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर लावावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर तसंच डॉक्टरकडे न्यावं. प्रार्थना वाटेत करता येते.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस आईला विनाकारण रडू येतं; ते बहुधा दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलेलं असूनही झोप येईना, कशातच जीव रमेना, बाळाची धास्ती वाटू लागली, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आईला एकटं सोडू नये. ‘देवावर भरवसा ठेव’ हे अशा बाईला ऐकवणं क्रूर आहे. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा दूताने त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली. 1 राजेच्या एकोणिसाव्या अध्यायातला हा क्रम मंडळीने जसाच्या तसा पाळावा: जेवण, झोप, मग बोलणं. भेटीला येणाऱ्यांनी हात धुवावेत, वीस मिनिटांत निघावं आणि आल्याबरोबर आधी थोरल्याशी बोलावं. थोरल्याला तासभर खेळायला नेणं ही भेटवस्तूंपेक्षा मोठी मदत आहे.

बापाचं कामही इथेच आहे. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात मरीयेचा नवरा योसेफ रात्रीच उठतो आणि बाळाला व आईला घेऊन निघतो. घरातल्या योसेफाने रात्रीच्या दुधानंतर ढेकर काढावी, थोरल्याला झोपवण्याचं काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यावं आणि सकाळची प्रार्थना चालवावी.

रविवारची गडबड शनिवारी रात्रीच मिटवता येते. कपडे, बूट, अर्पणाची नाणी थोरल्याच्या खिशात, आणि पिशवी भरून दाराशी: चार डायपर, कपड्यांचे दोन जोड, दोन दुपटी, थोरल्यासाठी चित्रांचं एक पुस्तक. निघण्याच्या अगदी आधी दूध पाजावं. मागच्या बाजूला, वाटेलगतची जागा घ्यावी. बाळ रडलं की एकाने उठावं आणि दुसऱ्याने थोरल्यापाशी बसून राहावं. उठण्याची पाळी अदलून बदलून घ्यावी, नाहीतर एकाच्या वाट्याला उपासना येते आणि एकाच्या वाट्याला व्हरांडा. बाप्तिस्मा किंवा समर्पण, जी आपल्या मंडळीची रीत असेल, त्याची वेळ पाळकांशी बोलून बाळाच्या दुधाच्या वेळेशी जुळवून घ्यावी. थोरल्याला त्या दिवशी टॉवेल धरण्याचं काम द्यावं.

तीन-चार महिन्यांनी संध्याकाळ जरा सुटी होते. तेव्हा लगेच जुना अर्धा तास परत आणू नये. आठवड्यातली एकच संध्याकाळ निवडावी, दहा मिनिटं, आणि महिनाभर ती टिकली तरच दुसरी जोडावी. सकाळची पाच मिनिटं तशीच राहू द्यावीत. सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू झालं की बाळही न्याहारीला सगळ्यांबरोबर बसतं. त्याच्या वतीने आभाराचं वाक्य कुणी म्हणायचं, ही पाळी थोरल्या मुलांमध्ये आठवड्यागणिक फिरती ठेवा, नाहीतर त्यावरूनच भांडण होतं.